डावा कान, उजवा हात

वर्गात न ऐकलेल्या उत्तराला मी कित्येकदा 'शाब्बास' म्हणतो. मागच्या बाकावरची एखादी मुलगी उभी राहते, तिचे ओठ हलतात, शेजारणीच्या चेहऱ्यावर समाधान दिसते. त्यावरून उत्तर बरोबर असावे असा अंदाज मी बांधतो आणि शाबासकी देऊन मोकळा होतो. वीस-बावीस वर्षांच्या मास्तरकीत हा अंदाज फारसा चुकलेला नाही. एकदा मात्र 'सर, पाणी प्यायला जाऊ?' असे विचारणाऱ्या मुलीला मी 'शाब्बास, बस खाली' म्हणालो, आणि वर्ग असा काही हसला की ते हसणे मला दोन्ही कानांनी ऐकू आले.

माझा डावा कान अधू आहे. अगदी बहिरा नव्हे. पण 'स', 'श', 'थ', 'फ' ही अक्षरे आणि मुलींचे बारीक आवाज त्याच्या दारातूनच परत फिरतात. शाळेत ही गोष्ट कोणाला ठाऊक नाही. मुख्याध्यापकांबरोबर चालताना मी त्यांच्या डाव्या हाताला राहतो, म्हणजे ते माझ्या उजव्या कानाशी येतात; त्यांना तो माझा विनय वाटतो. नाटकाला गेलो तर डावीकडची खुर्ची धरतो. माझ्या दुसऱ्या कादंबरीवर लिहिताना एका परीक्षकाने तक्रार केली होती की, या लेखकाची पात्रे फार मोठ्याने बोलतात. त्या सद्गृहस्थाला काय सांगावे! ज्या आवाजात लोक माझ्याशी बोलले की मला कळते, त्याच आवाजात माझी पात्रे बोलणार.

हे लपवणे इतके अंगवळणी पडले होते की ते कधी उघडे करावे लागेल असे वाटले नव्हते. पण मागल्या जानेवारीत कोल्हापूरहून आक्काचा फोन आला.

"अरे, पोरीला दिल्लीला जायचंय. निवड चाचणी का काय म्हणतात ती. हिच्या बाबांना रजा नाही. तू जा की बरोबर. आणि तिकडं थंडी मरणाची. ते हाताचं नि कानाचं काय ते आधी बघून घेऊन दे बाई तिला. मला त्यातलं काय कळतंय?"

जणू मला कळत होते! मी पडलो मॅट्रिक. पुढे शिकलो ते चित्रकलेच्या परीक्षांपुरते. पण मास्तर म्हणजे सर्वज्ञ, ही समजूत आमच्या घरात अजून टिकून आहे.

माझी भाची रायफल चालवते. हे वाक्य लिहिताना अजूनही मौज वाटते. कोल्हापूर म्हणजे तालमी, लाल माती आणि दुधाचे फड. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत तालमीच्या जोडीला नेमबाजीची रेंज आली आहे. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतने पिस्तुलात नाव काढले, आणि २०२४ साली राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणले. तेव्हापासून तर घरोघरी आया आपल्या पोरांची बोटे निरखून पाहू लागल्या असाव्यात. आमची भाची सतरा वर्षांची. रायफल क्लबाची, काडतुसे मोजून मिळणारी. जाकीट एका मोठ्या मुलीचे वापरून झालेले. तिचा प्रकार प्रोन, म्हणजे पालथे पडून नेम धरण्याचा. पन्नास मीटरवरच्या निशाण्यात दहाचे वर्तुळ असते १०.४ मिलिमीटरचे. खडूच्या जाडीची कल्पना करा, आणि तो खडू पन्नास मीटर लांब धरा.

प्रथम कानाचे पाहू म्हणून मी तिला घेऊन कोल्हापुरातल्या एका सेफ्टीच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे हेल्मेटे, कातडी हातमोजे, गमबूट यांच्या राशी होत्या. दुकानदाराने मला नखशिखान्त न्याहाळले आणि विचारले, "कुठं लागणार? भट्टीवर का प्रेसवर?" गावाभोवती फाउंड्र्यांचा पसारा, त्याच्याकडे येणाऱ्या गिऱ्हाइकाचा कान एक तर भट्टीवर जायचा नाही तर प्रेसवर. "बंदुकीवर," असे भाचीने सांगताच त्याने आम्हां दोघांना बसायला स्टूल दिले.

त्याने गल्ल्यावर दोन चिजा मांडल्या. एक डोक्यावरून घालायचे कर्णटोप, दोन वाट्या आणि मधे कमान असलेले. दुसरी फोमची बुचे, पिवळी, मऊ, चहाच्या किमतीत मिळणारी. माझे मन साहजिकच टोपाकडे ओढले. एवढी मोठी वस्तू, एवढा पैसा, म्हणजे संरक्षणही तेवढेच असणार! शिवाय थंडीत कान उबदार राहतील हा वरकड फायदा. भाचीने तो घातला, गल्ल्यावरच कोपर टेकून नेम धरायचा आविर्भाव केला आणि मान हलवली. दस्त्यावर उजवा गाल टेकला की उजवी वाटी दस्त्याला अडते आणि वर उचलली जाते. वाटी जराशी उचलली, की आत आवाजाला वाट मिळालीच. चष्म्याची काडी आणि टोपीची कड यांनीही तीच फट पडते. म्हणून पिस्तूलवाल्यांना टोप चालतो; रायफलवाल्यांत पुष्कळजण बुचेच पसंत करतात.

आणखी एक प्रकार दुकानदाराने मोठ्या अभिमानाने काढला. विजेवर चालणारा टोप. धडाका झाला तर तो अडवतो, पण बारीक बोलणे उलट मोठे करून कानात सोडतो. मी तो घालून पाहिला. भाची डावीकडून काहीतरी पुटपुटली आणि ते मला स्वच्छ ऐकू आले! तीस वर्षांत पहिल्यांदा. "मामा, हे महाग असणार," असे ती म्हणाली होती. मी टोप काढून ठेवला. माझे डोळे भरून आले होते ते तिला दिसू नयेत म्हणून किंमतीचा कागद वाचत बसलो. तसाही तो तिच्या कामाचा नव्हता. आंतरराष्ट्रीय नियमांत खेळाडूला आवाज कमी करणारे साधनच वापरता येते. आवाज वाढवणारे किंवा बाहेरचे काही ऐकवणारे चालत नाही.

म्हणून बुचे घेतली. पाकिटावर छापले होते, आवाज ३३ डेसिबलने कमी होतो. मास्तरला छापील अक्षराचा मोह असतो. पण हा आकडा प्रयोगशाळेतला, बुचे अगदी काटेकोर बसवून घेतलेला. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्याची 'नायॉश' म्हणून संस्था आहे. तिचा सल्ला असा की, फोमच्या बुचांच्या पाकिटावरचा आकडा सरळ निम्मा धरावा. आणि बुचांवर वर टोप चढवला तर दोघांची बेरीज होईल असे समजू नये. जेमतेम पाचेक डेसिबलांची भर पडते, कारण मग आवाज कानाला सोडून कवटीच्या हाडातून आत शिरतो. थोडक्यात, तेच बूच एकाच्या कानात तटबंदी असते आणि दुसऱ्याच्या कानात शोभेची वस्तू.

ते घालायची एक रीत आहे. हात स्वच्छ धुऊन बूच बोटांत वळायचे, वातीसारखे बारीक. मग, समजा उजवा कान, तर डावा हात डोक्यावरून नेऊन कानाचा वरचा भाग धरायचा, वर आणि मागे ओढायचा, म्हणजे आतली वाकडी नळी सरळ होते. बूच आत सरकवायचे आणि ते फुगून बसेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने दाबून धरायचे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांचा कान धरण्याला बंदी केली. स्वतःचा कान धरायला अद्याप मोकळीक आहे, तिचा लाभ घ्यावा.

भाचीने हे सारे ऐकून घेतले, आणि घरी येऊन बुचे जशी घालायची तशीच घातली: अर्धी बाहेर, पानाच्या विड्यातून लवंग डोकवावी तशी.

"पुरतं आत गेलं की मला माझाच श्वास ऐकू येतो, मामा. छाती धडधडते तीसुद्धा. मग लक्ष लागत नाही. आणि आमच्या पॉइंट टू टूचा आवाज तो काय! दिवाळीत लक्ष्मी तोटा याच्या वर वाजतो."

मी आकडे सांगितले. १९९९ सालच्या नियमाप्रमाणे चार मीटरवरून १४५ डेसिबलच्या वर टोक जाणारा फटाका आपल्याकडे बेकायदा आहे. पॉइंट टू टूच्या लांब नळीच्या रायफलीचा आवाज नेमबाजाच्या कानाशी १४० च्या आसपास जातो, आणि तो आकडाच धोक्याची रेघ मानतात. तुझे म्हणणे खरे, फटाका मोठाच; पण फटाका पेटवून आपण पळतो. रायफलीला तू गाल लावून पडतेस. सामन्यात साठ गोळ्या, त्याआधी सरावाच्या, शिवाय दोन्ही बाजूंच्या पोरींच्या. आणि हे आठवड्यातून चार दिवस. तिने "हं" म्हटले. सतरा वर्षांच्या मुलीच्या "हं"ला किती अर्थ असतात ते शिक्षकाला सांगायला नको. त्या "हं"चा अर्थ होता, मामा, तुमचं झालं का?

त्या वेळीच मी खरे सांगायला हवे होते. सांगितले नाही. विषय बदलून हाताकडे वळलो.

हाताचे प्रकरण कोल्हापुरात जन्मलेल्या माणसाला उमजायला वेळ लागतो. आमची जानेवारीतली पहाट म्हणजे १४-१५ अंश. कानाला मफलर गुंडाळून चहाच्या गाड्यावर उभे राहण्याचे निमित्त. दिल्लीला ७-८, आणि वर धुके. पन्नास मीटरच्या रेंजला डोक्यावर छप्पर असले तरी पुढची बाजू उघडीच, गोळी जायची वाट तीच वाऱ्याची यायची वाट. बरे, आत दोन स्वेटर चढवावेत, तर तेही नियमाने नाही: जाकीट अडीच मिलिमीटरपेक्षा जाड नको, आणि त्याच्या आतले कपडेही नकोत. डाव्या हाताला जाड हातमोजा असतो, पण दंडाला आवळलेल्या पट्ट्याने रक्त अडून तो हात गार पडतो. उजवा तर उघडाच. त्याच्याच बोटांनी खडूच्या तुकड्याएवढी काडतुसे एकेक उचलून भरायची आणि त्याच्याच एका पेराने चाप दाबायचा. रायफलीचा हा चाप इतका हलका लावलेला असतो की, बधिर बोटाला तो लागल्याचे कळण्याच्या आधी गोळी सुटलेली असते.

आमच्या लहानपणी हाताला ऊब म्हणजे आगटी. आप्पा रात्रपाळीहून आले की आई शेगडीतले निखारे पुढे ओढायची. दर थंडीला आमच्या गल्लीत शाली घेऊन येणारा एक काश्मिरी म्हातारा मला कांगडीचे वर्णन करून सांगे: वेताच्या टोपलीत मातीचे भांडे, त्यात कोळशाचे निखारे, आणि ते सारे फिरनच्या आत पोटाशी धरायचे. वर्षानुवर्षे तो शेक एकाच जागी लागून तिथल्या कातडीला कर्करोग होतो, हेही वैद्यकाच्या पुस्तकांत नोंदलेले आहे. दिल्लीच्या रेंजवर भाचीच्या पोटाशी निखारे बांधून पाठवण्याचा प्रश्न नव्हता, हे उघड आहे.

तिने फोनवरून तीन प्रकार मागवले, एकेक नमुना. पहिला विजेवर भारलेला, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. चांगला होता, पण आगगाडीत आणि मग मुक्कामी तो आठवणीने भारायचा, आणि विसरलो की हाती नुसता दगड. दुसरा दिसायला फार सुरेख. प्लॅस्टिकच्या पिशवीत पाण्यासारखा द्रव, आत धातूची टिकली. टिकली टचकन वाकवली की तिच्यापासून पांढरे स्फटिक धावत सुटतात आणि पिशवी पन्नासाच्या वर अंशांपर्यंत तापते. त्यात सोडियम ॲसिटेट असते. गोठायचे राहून गेलेले ते द्रावण टिकलीच्या धक्क्याने गोठते आणि साठवलेली उष्णता परत देते. मी ती शाळेत नेऊन दाखवली तेव्हा सातवीच्या वर्गाने ती एकामागून एक अठरा हातांत फिरवली. पण तासाभरात ती निवते आणि पुन्हा वापरायची तर उकळत्या पाण्यात धरावी लागते. रेंजवर पातेले कोण ठेवणार?

तिसरी पुडी अगदीच गरीब. चहाच्या पुडीसारखी, आत काळी भुकटी. फोडली तर पहिली पाच मिनिटे काहीच नाही. पैसे गेले, असे मी मनाशी म्हणत होतो तोच ती हळूहळू कोमट झाली, मग ऊनऊन, आणि रात्री निजेपर्यंत तशीच राहिली. आत लोखंडाची पूड, मीठ, कोळशाची पूड आणि थोडे पाणी. लोखंड हवेशी मिळून गंजते आणि गंजताना उष्णता देते. माझ्या खोलीच्या खिडकीच्या गजांना दर पावसाळ्यात चढणारा तोच हा गंज. तो सावकाश चढतो म्हणून गज गार लागतात, इथे पूड बारीक म्हणून तोच उद्योग घाईने होतो. हवा कोंडली की गंजणे थांबते. त्यामुळे अर्धी वापरलेली पुडी घट्ट झाकणाच्या डबीत ठेवली तर उरलेली ऊब दुसऱ्या दिवशी मिळते. काटकसरी माणसाला याहून काय हवे? आम्ही या पुड्यांचा डझन घेतला. उघड्या कातडीवर तासन्‌तास दाबून धरायच्या नाहीत, मंद आचेनेही भाजते, एवढे पथ्य.

मिरजेहून निजामुद्दीनच्या गाडीने आम्ही निघालो. चाचणी होती तुघलकाबादला, डॉ. कर्णीसिंग रेंजवर. १९८२च्या एशियाडसाठी बांधलेली ही रेंज. अरवलीच्या खडकाळ रानात, बाभळींच्या मधे. आदल्या दिवशी सरावाला गेलो तेव्हा ती पुरती धुक्यात होती. मी मागे बाकावर बसलो. गोळ्या सुरू झाल्या, आणि भाचीच्या कानांतून ती दोन पिवळी बुचे पुन्हा अर्धी बाहेर डोकावताना मला दिसली.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत मी खाटेवर वाचत पडलो होतो. ती माझ्या डाव्या बाजूला पिशवी उपसत काहीतरी बोलली. मी पुस्तकातून डोके न काढता म्हणालो, "शाब्बास."

काही वेळ शांतता. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मामा, माझं ओळखपत्र सापडत नाही, असं म्हटलं मी."

ओळखपत्र जाकिटाच्या खिशात सापडले. पण ती तिथून हलली नाही. "दुकानात तो विजेचा टोप घातला होतात, तेव्हाही तुमचं काहीतरी झालं होतं," ती म्हणाली. पोरगी नेमबाज आहे, हे मी विसरलो होतो.

मग मी सांगितले. १९९३ सालचा डिसेंबर. मी नववीत होतो. शाळेच्या खाकी पथकाचे शिबिर होते. ते कोणाचे, कुठे, याला आता महत्त्व नाही. आम्हां लहान मुलांना मोठ्यांच्या गोळीबाराच्या वेळी पुंगळ्या वेचायचे काम असे, कारण प्रत्येक पुंगळीचा हिशेब द्यावा लागे. रायफली थ्री नॉट थ्रीच्या. पुंगळी उजवीकडे उडते, म्हणून मी नेमबाजाच्या उजव्या हाताशी, पुढे तोंड करून, उकिडवा बसे. म्हणजे डावा कान रायफलीकडे, हातभर अंतरावर. तसल्या रायफलीचा आवाज १६० च्या पुढे जातो. डेसिबलाच्या हिशेबात वीस अधिक म्हणजे शंभरपट, हे मला पुढे कळले. तेव्हा एवढेच कळत होते की प्रत्येक बाराला डोक्यात खिळा ठोकल्यासारखे होते. आईने पिशवीत कापूस दिला होता, उटण्याच्या वासाचा. त्याचे बोळे मी कानांत घातले, तर शिकवणाऱ्याने सगळ्यांपुढे ते काढायला लावले. "कानात बोळे घालून लढाई होती व्हय रं?" सगळे हसले. मीही हसलो. दोन दिवस पुंगळ्या वेचल्या. एकही हरवली नाही म्हणून माझी पाठ थोपटली गेली. खरे तर कापसाने फारसे काही थांबले नसतेच. पण ते बोळे मी भीतीने काढले हे काही माझ्या मनातून जात नाही.

त्या रात्री तंबूत रातकिडा ओरडू लागला. मी शेजारच्या मुलाला म्हणालो, किती ओरडतोय बघ. तो म्हणाला, कुठे? चार दिवसांनी उजव्या कानातला थांबला. डाव्यातला अजून ओरडतो आहे.

आप्पांना मी हे सांगितले नाही. ते इचलकरंजीत यंत्रमागावर होते. एकेका शेडमध्ये वीस-वीस, चोवीस-चोवीस माग, धोट्याची खाडखाड, आणि कामगार एकमेकांशी बोटांनी आणि ओठांनी बोलणारे. आप्पा घरीही तसेच बोलत. आई त्यांच्या खांद्याला हात लावून मग बोले. आमच्या गल्लीत पन्नाशीचा मागवाला ऐकू न येणारा असायचाच. त्याला कोणी दुखणे म्हणत नसे, वय म्हणत. अशा घरात एका कानाची तक्रार घेऊन कोण जाणार?

फार वर्षांनी डॉक्टरांनी कान तपासून आलेख काढला. रेघ सरळ येते, ४,००० हर्ट्झच्या आसपास खड्ड्यात पडते आणि पुन्हा वर येते. मोठ्या आवाजाने गेलेल्या कानाची ती सहीच. डॉक्टरांनी समजावले की आतल्या शंखात बारीक रोमांच्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात, जन्मताना मिळतात तेवढ्याच. मेली ती मेली; माणसात ती पुन्हा उगवत नाही. पक्ष्यांत उगवते म्हणे. म्हणजे आमच्या आळीतल्या कोंबडीचा कान बरा होईल, मास्तरांचा नाही. मी हसलो, डॉक्टरही हसले. पण बाहेर येऊन मी दवाखान्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिलो होतो.

"उजव्या खांद्याला रायफल लावणाऱ्याचा डावाच कान आधी जातो," मी भाचीला म्हणालो. "तो नळीच्या तोंडाकडे असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला. तुझाही आधी डावाच जाईल. हात गारठला तर पुडीने परत येतो. मुंग्या येतात, ठणकतो, पण येतो. कानाला असली पुडी नाही, बाळ."

ती काही बोलली नाही. विचारले एवढेच: "आईला माहीत आहे?"

"नाही."

"शाळेत?"

"नाही."

"मग वर्गात काय करता तुम्ही?"

"शाब्बास म्हणतो," मी म्हणालो. ती हसेल असे वाटले होते. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आम्ही रेंजवर होतो. फोमची बुचे थंडीने कडक झाली होती. वळता वळेनात, आणि वळली तर कानात लवकर फुगेनात. भाचीने ती माझ्या हातात दिली. मी एक पुडी फोडली, पाच मिनिटे थांबलो, आणि पुडी नि बुचे एकाच मुठीत धरून उभा राहिलो. हाताच्या उबेने कानाचे बूच मऊ होते, हे काही कोणत्या पाकिटावर छापलेले नव्हते. मग तिने डावा हात डोक्यावरून नेला, उजवा कान वर ओढला, बूच आत सारले, दाबून धरले. दुसऱ्या कानालाही तसेच. वळून माझ्याकडे बघितले. दोन्ही बुचांच्या कडा आत गेल्या होत्या, समोरून दिसत नव्हत्या.

साठ गोळ्यांना पन्नास मिनिटे असतात. मी मागे टोप घालून बसलो. तो क्लबाचाच, जुना. तिने पुडी चटईवर काडतुसांच्या डबीशेजारी ठेवली होती. गोळी सुटली की उजवा हात दोन-तीन श्वास त्या पुडीवर विसावे, मग काडतूस उचली. मानेला लोकरीची पट्टी होती. तिच्या प्रशिक्षकांचे म्हणणे असे की मान आणि छाती गारठली की शरीर आतली ऊब राखण्यासाठी हातापायांचे रक्त आधी आखडते, तेव्हा हात गरम ठेवायचा तर मानेपासून सुरुवात करावी. मधे एकदा वारा फिरला, निशाण्यांजवळच्या झेंड्या उलट्या झाल्या, आणि तिच्या दोन गोळ्या बाहेर गेल्या. मला टोपातून सारे दूरचे, पाण्याखालचे वाटत होते. रातकिडा तेवढा स्पष्ट होता.

निवड झाली नाही. चार-पाच गुणांनी राहिली. बाहेर येऊन तिने बुचे काढली, हात चोळले आणि म्हणाली, "श्वास ऐकू येत होता सगळा वेळ. विसाव्या गोळीनंतर सवय झाली." आणि मग चहा प्यायला आम्ही टपरीवर गेलो. तिथे ती माझ्या उजव्या बाजूला बसली. परतीच्या गाडीतही खिडकीची जागा सोडून उजवीकडे आली. आक्काला तिने काही सांगितले नाही. ते मीच मिरजेला उतरल्यावर फोन करून सांगितले. आक्का आधी रडली, मग तीस वर्षे गप्प राहिलो म्हणून मला तिने इतके बोलून घेतले की फोन डाव्या कानाला लावावा असे वाटले.

सोमवारी शाळा होती. सातवीचा मराठीचा तास. मी प्रश्न विचारला. शेवटच्या बाकावरची मुलगी उभी राहिली, तिचे ओठ हलले, शेजारणीच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. 'शाब्बास' ओठांवर आले होते. मी खडू ठेवला, बाकांच्या मधून चालत तिच्यापर्यंत गेलो, उजवा कान तिच्याकडे केला आणि म्हणालो, "मला ह्या कानानं ऐकू येतं. पुन्हा सांग."

तिने पुन्हा सांगितले. उत्तर साफ चूक होते.